मोकळा ठोका

ग्रीक अक्षरं माझ्या यंत्रावर नव्हती.
जिथे म्यू, तिथे मी एक ठोका मोकळा सोडायचे,
आणि डॉक्टर हेबळे दिवेलागणीला
स्टेन्सिलवर वाकून टोचणीनं ती जागा भरायचे,
चष्मा कपाळावर, श्वास धरून,
रांगोळीचा शेवटचा ठिपका ठेवावा तसे.

सव्वीस वर्षं हेच केलं मी, कुलाब्याच्या टोकाला,
जिथे रस्ता संपतो आणि नेव्हीचा पहारेकरी
तोच पास रोज नव्यानं वाचतो.
पदार्थविज्ञान मला येत नाही.
पण कुठल्या वाक्यात माणूस बिचकलाय ते कळतं:
तिथे खाडाखोड असते, आणि ‘कदाचित’ तीनदा.

त्या वर्षी तळघरात, काळ्या कापडाखाली
त्यांनी प्लास्टिकच्या जाड पाट्या रचल्या.
आकाशातून काहीतरी सतत पडत असतं म्हणे,
छपरातून, डोक्यातून, माझ्या डब्यातल्या भाकरीतून,
आणि पाटीतून जाताना एक काजवा चमकतो.
काजव्याला एक ठोका. ठोक्याला वहीत एक रेघ.
नोव्हेंबरात रेघा वाढल्या.

हेबळे आठ दिवस घरी गेले नाहीत.
पेरीन गोटला नावाची विद्यार्थिनी होती,
तिनं फळ्यावर नवा कण काढून
त्याचं बारसंही उरकलं.
तांडेल मात्र गप्प. भाऊ ससून डॉकला होडी लावायचा,
हा यंत्रं सांभाळायचा, आठवी पास.
म्हणाला, साहेब, आतले दिवे घालवा.
आणि अंधारात पोटावर सरपटत
कापडाची एकेक शिवण चाचपत गेला,
फाटलं जाळं चाचपतात तसा.
दोन तासांनी आवाज आला: ‘उंदीर!’
टेप कुरतडली होती. तांदळाएवढं भोक.
व्हरांड्यातला बल्ब इतके दिवस
विश्वाचं गुपित म्हणून वहीत उतरत होता.

पेरीननं फळा पुसला. कोणी हसलं नाही.
मग सगळेच हसले.

भोक बुजवलं, मांजर पाळलं. रेघा खाली आल्या.
सगळ्या नाही.
अकरा उरल्या.
फेब्रुवारीपर्यंत त्यांच्याशी भांडले सगळे,
त्या पुसल्या जाईनात.

मग माझ्याकडे कागद आले. सतरा पानं.
आभाराच्या ओळीत संचालक, सरकार,
कुणी परदेशी प्राध्यापक.
मी शेवटी तांडेल घातला. विचारलं नाही.
हेबळ्यांनी वाचलं, टोचणी उचलली,
आणि वरच्या एका म्यूची शेपटी
तेवढी लांब केली.

दीडशे प्रती. यंत्र फिरवून फिरवून दंडाला गोळे,
पदराला शाई, ती अजून आहे.
फोर्टात, जीपीओच्या खिडकीवर विचारलं,
काय आहे यात?
म्हटलं, अकरा ठोके.
त्यानं वजन केलं, तिकिटं दिली.

आमचे लिफाफे बोटीवर असतानाच
उलट दिशेनं एक येऊन पडला.
दूरच्या देशात, खाणीच्या पोटात बसलेला एक गट.
त्यांच्या नऊ रेघा.
तारीख आमच्याआधी एकोणीस दिवसांची.

पेरीन जिन्यात बसून रडली.
हेबळे लिफाफा घेऊन तळघरात उतरले,
मागोमाग मी, चहा घेऊन.
तांडेलला ते वाचून दाखवत होते,
मराठी करत, अडखळत,
एका शब्दाला तर नुसताच हात हलवून.
त्यानं सगळं ऐकलं.
‘म्हणजे त्यांनाही दिसलं?’
‘दिसलं.’
‘मग आहे तर.’

चहा निवला. हेबळे बराच वेळ
त्या नऊ आणि अकराकडे बघत राहिले,
सोयरीक जुळावी तसे.

मी वर आले, कोरा कागद चढवला.
त्या खाणीतल्या माणसाला पत्र होतं, अभिनंदनाचं.
‘प्रिय’ लिहिलं. त्याच्या नावात
माझ्या यंत्रावर नसलेलं एक अक्षर होतं,
डोक्यावर दोन ठिपक्यांचं.
एक ठोका मोकळा सोडला.